ढाल नेमकी कुणाची? अ‍ॅव्हेंजर्स, सरकार आणि ती सही

कृष्णाकाठचा

गेल्या आठवड्यात पुतणीबरोबर 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' पुन्हा पाहिला. सुपरहिरोंच्या टीमने संयुक्त राष्ट्रांच्या हुकमाखाली काम करायचा 'सोकोव्हिया करार' सही करावा का, यावरून टोनी स्टार्क (आयर्न मॅन) आणि स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) यांच्यात फूट पडते, ती ही गोष्ट. टोनी सही करतो, स्टीव्ह करत नाही. ती चौदा वर्षांची आहे, सिनेमा आला तेव्हा अगदीच लहान होती. सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, "काका, मग ती ढाल नक्की कुणाची?" शेवटी टोनी ओरडतो ना, ही ढाल माझ्या वडिलांनी बनवलीय, तुझी लायकी नाही. आणि स्टीव्ह एक अक्षर न बोलता ती तिथेच टाकून जुन्या मित्राला, बकीला, आधार देत निघून जातो. मला तिला उत्तर देता आलं नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

हा प्रश्न सिनेमाच्याही कितीतरी आधी कॉमिकमध्ये विचारला गेलाय. 'कॅप्टन अमेरिका'चा ३३२ वा अंक, १९८७, लेखक मार्क ग्रुएनवाल्ड. सरकारी आयोग स्टीव्ह रॉजर्सला बोलावतो. नाव आमचं, पोशाख आमचा, ढाल आमची, तू आमचा सैनिक, तेव्हा इथून पुढे आम्ही सांगू ते काम करायचं. आवाज न चढवता, फायली समोर ठेवून सांगतात. स्टीव्ह विचार करायला वेळ मागून घेतो आणि परत येऊन पोशाख व ढाल त्यांच्या हवाली करतो. त्या खोलीत मारामारी होत नाही. वाचताना वाटतं, एखादा माणूस नोकरी सोडताना कपाटाची किल्ली आणि ओळखपत्र टेबलावर ठेवतोय. पुढच्याच अंकात सरकार ती ढाल जॉन वॉकरला देतं. वॉकर ताकदीने कमी नाही आणि हुकूमही मानतो. पण आईवडिलांचा खून झाल्यावर त्याचा तोल जातो आणि माणसं मरतात.

इथवर गोष्ट जबरदस्त आहे. मग ३५० व्या अंकात कळतं की या सगळ्यामागे कॅप्टनचा जुना शत्रू रेड स्कल होता, तोच पडद्याआडून आयोगाची सूत्रं हलवत होता. इथे माझा जीव तुटतो. कारण मग प्रश्नच उरत नाही. सरकार चुकलं कारण खलनायक आत घुसला होता, त्याला काढला की सगळं ठीक! २०१४ च्या 'विंटर सोल्जर'मध्येही हेच झालं, शील्ड या सरकारी गुप्तचर संस्थेत हायड्रा ही शत्रूची संघटना निघाली. पण कुणीही घुसलेलं नसताना, सरळमार्गी अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे काम करूनही हुकूम चुकीचा निघाला तर? ती गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते.

एक अपवाद मला माहीत आहे. 'अ‍ॅव्हेंजर्स' अंक १८१, मार्च १९७९. हेन्री पीटर गायरिच नावाचा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा अधिकारी अ‍ॅव्हेंजर्सच्या वाड्यात येतो आणि सांगतो, टीममध्ये सातच जण राहतील. कोण सात, तेही तोच ठरवतो. हॉकआयला बाहेर काढतो आणि फाल्कनला आत घेतो, कारण सरकारला टीममध्ये एक कृष्णवर्णीय माणूस दाखवायचा आहे. फाल्कनला हे समजतं. तो काही अंक टीममध्ये राहतो, पण ती जागा त्याला कधीच आपली वाटत नाही, आणि एक दिवस तो निघून जातो. गायरिच दुष्ट नाही. वाड्याची सुरक्षा ढिसाळ आहे हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्याच्या एका कागदाने दोन माणसांचा अपमान झाला आणि बाकीच्यांनी सरकारी सवलती जातील म्हणून तो गिळला. टीम शत्रूपुढे फुटत नाही, अशा गिळलेल्या गोष्टींमुळे आतून पोकळ होत जाते.

आता २००६ चं मूळ 'सिव्हिल वॉर', मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांचं. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डमध्ये, शाळेजवळ, न्यू वॉरियर्स नावाची सुपरहिरो पोरंसोरं टीव्हीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांवर हल्ला करतात. त्यातला नायट्रो स्फोट करतो आणि सहाशेहून अधिक लोक मरतात, त्यात शाळेतली मुलं. मग नोंदणीचा कायदा येतो: मुखवट्यामागचं नाव सरकारला सांगा, प्रशिक्षण घ्या, सरकारचे नोकर व्हा. मागणी अन्यायाची वाटते का? मला वाटत नाही. पण पहिल्याच अंकातला एक प्रसंग बघा. शील्डची मारिया हिल कॅप्टनला सांगते की नोंदणी नाकारणाऱ्यांना पकडायला तू आम्हाला मदत करायचीस. तो नाही म्हणतो. म्हणतो, अशाने उद्या वॉशिंग्टनच आम्हाला सांगायला लागेल की खलनायक कोण. त्याच क्षणी भोवतीचे शिपाई त्याच्यावर बंदुका रोखतात. कायदा तेव्हा मंजूरही झालेला नव्हता. बंदुका कायद्याच्या आधी बाहेर आल्या. माझ्यासाठी संपूर्ण मालिका त्या एका पानात आहे.

आता माझं मत का हललं ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा आम्ही आठ मित्र ट्रकच्या ट्यूबा आणि एक उसनी नाव घेऊन लोकांना काढत होतो. तिसऱ्या दिवशी एका टेबलाशी आम्हाला थांबवलं. नावं लिहा, फोन नंबर लिहा, लाइफ जॅकेट किती आहेत सांगा, कुठल्या गल्लीत जाताय ते सांगा. माझा सगळ्यात जवळचा मित्र भडकला. "दोन दिवस कुठं होता तुम्ही?" म्हणाला आणि नाव न लिहिता निघाला. मी लिहिलं. संध्याकाळी मला सांगण्यात आलं की अमुक भागात ओढ फार आहे, तिकडे जायचं नाही. त्याच भागात एक आजी माडीवर अडकल्याचा फोन मला आला होता. मी गेलो नाही. मित्र गेला. अंधारात ते घरच त्याला सापडलं नाही आणि तो रिकाम्या हाताने परत आला. आजींना दुसऱ्या दिवशी लष्कराच्या बोटीने आणलं, सुखरूप. पण ती रात्र मी बसून काढली. आणि आम्ही दोघं पुढचे सात-आठ महिने एकमेकांशी धड बोललो नाही.

आमच्यात चूक कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. नाव लिहिण्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण आमच्या नावेत लाइफ जॅकेट नव्हती आणि ते टेबलावरच्या माणसाने पहिल्यांदा विचारलं, आम्ही स्वतःला विचारलं नव्हतं. पण "जायचं नाही" हे मी मुकाट ऐकलं, "का" विचारलं नाही, ते मात्र अजून बोचतं.

तुम्हाला काय वाटतं? टीमने सही करावी का? आणि केली तर कशाखाली?

रेखाटन

धागा फार मनापासून लिहिलाय. मी मात्र टोनीची बाजू घेणार, कारण ती नेहमी घाईने निकालात काढली जाते.

स्टॅमफर्डच्या शोकसभेतला प्रसंग आठवा. मिरियम शार्प नावाची आई, जिचा मुलगा गेलाय, ती टोनीच्या तोंडावर थुंकते. टोनीने त्या दिवशी काहीच केलेलं नव्हतं. तरी ती त्याच्यावर थुंकते, कारण तिच्या लेखी ते सगळे एकच. सिनेमात हाच प्रसंग हळू आवाजात आहे. लिफ्टजवळ एक बाई मुलाचा फोटो टोनीच्या छातीशी टेकवते: माझा मुलगा सोकोव्हियात, तुमच्या लढाईत गेला. मी चित्रं काढते, म्हणून सांगते, त्या प्रसंगात टोनीचे हात बघा. त्यांना जागाच सापडत नाही.

स्टीव्हला असं कुणी भेटतच नाही. त्याला भेटतो बकी. म्हणजे लेखकांनी एकाच्या पदरात अनोळखी मेलेलं मूल घातलं आणि दुसऱ्याच्या पदरात जिवंत मित्र. मग निष्ठा कुठे जाणार?

आणि मालिकेचा शेवट टीम कॅपवाले विसरतात. सातव्या अंकात टोनी जमिनीवर आहे, शिरस्त्राण फुटलंय, स्टीव्हने ढाल उगारलीय. त्याला अडवतं कोण? सुपरहिरो नाही, सैन्य नाही. अग्निशमन दलाचा माणूस, रुग्णवाहिकेवरचे लोक, पोलीस, साधे कपडे घातलेले नागरिक. ते त्याच्या अंगावर पडून त्याला दाबून धरतात. तो म्हणतो, सोडा मला, तुम्हाला इजा करायची नाहीये मला. आणि मग आजूबाजूला बघतो. शहर पडलंय. तो जिंकत होता! तरी ढाल टाकतो, मुखवटा काढतो आणि हात पुढे करतो. वर सांगतो की अटक कॅप्टन अमेरिकेला होत नाहीये, स्टीव्ह रॉजर्सला होतेय.

त्याला उत्तर सरकारने दिलं नाही, ज्यांच्यासाठी लढतोय त्या माणसांनी दिलं. म्हणून मला सही पटते.

सुभेदारपुत्र

मी साताऱ्याकडचा. वडील पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, दोन काका लष्करात होते. त्यामुळे "सैनिक आहे म्हणजे हुकूम पाळणारच" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही.

आपल्या १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये वरिष्ठाचा हुकूम मोडण्याबद्दल शिक्षा आहे, पण तिथे शब्द आहे "कायदेशीर हुकूम". एका शब्दाने सगळं बदलतं. वडील सांगायचे, हुकूम पाळायला शिकवायला काही महिने लागतात, कुठला पाळायचा नाही हे कळायला आख्खी नोकरी जाते.

सिनेमात दोन फौजी माणसं समोरासमोर आहेत, ऱ्होड्स आणि सॅम, म्हणजे फाल्कन. ऱ्होड्स हवाई दलाचा सेवेतला कर्नल, सॅम हवाई दलाच्या बचाव पथकातला, नोकरी सोडलेला. दोघांनी तोच गणवेश घातलेला. एक सही करतो, एक करत नाही. ऱ्होड्स म्हणतो की हे संयुक्त राष्ट्रांचं आहे, ११७ देशांनी मान्य केलंय, हे झटकून टाकणं उद्धटपणाचं आहे. मला त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. पुढे तो त्याच पक्षाकडून लढताना पडतो आणि कमरेखाली लुळा होतो. तरी म्हणतो, सही केली ते बरोबरच होतं.

आणि हाच ऱ्होड्स २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये काय करतो? स्टीव्ह दारात उभा आहे, अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री रॉस समोरच्या प्रतिमेतून हुकूम देतो की याला अटक कर. ऱ्होड्स हुकूम ऐकतो, संपर्क तोडतो आणि शांतपणे म्हणतो की आता माझं कोर्ट मार्शल होणार. म्हणजे परिणाम त्याला माहीत आहे आणि तो भोगायला तयार आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या सिनेमांतला सर्वात खरा सैनिक तोच. त्याने सही केली होती म्हणूनच त्याच्या नकाराला वजन आहे.

अजून एक माणूस मला विसरता येत नाही. 'विंटर सोल्जर'मध्ये स्टीव्ह ध्वनिक्षेपकावरून सगळ्या इमारतीला सांगतो की शील्ड पोखरलं गेलंय. नियंत्रण कक्षात एक पोरगेला तंत्रज्ञ खुर्चीत बसलाय. हायड्राचा रमलो त्याच्या मानेवर पिस्तूल ठेवून म्हणतो, जहाजं उडव. पोराचा चेहरा पांढरा पडलाय, आवाज कापतोय, आणि तो म्हणतो, मी उडवणार नाही, कॅप्टनचा हुकूम आहे. ना ताकद, ना ढाल. हा प्रसंग मी वडिलांना दाखवायचा ठरवलाय.

मधुरा_क

वाचतेय. पुराचा भाग वाचून गलबलून आलं. आमचंही घर त्या वर्षी पाण्यात होतं. ज्यांनी नाव लिहिलं त्यांचे आणि ज्यांनी नाही लिहिलं त्यांचेही आभार मानायचे राहून गेलेत.

नेत्रदीप

सगळी चर्चा अ‍ॅव्हेंजर्सवर चाललीय, पण नोंदणीचा प्रश्न एक्स-मेनच्या अंगाने बघितला की पार वेगळा दिसतो. टोनीने चिलखत बनवलं, स्टीव्हने इंजेक्शनसाठी स्वतः नाव दिलं. एक्स-मेनमधलं म्युटंट मूल शक्ती घेऊनच जन्माला येतं. त्याची नोंदणी म्हणजे शस्त्राचा परवाना नव्हे, ती माणसाची यादी. आणि अशा यादीचं पुढे काय होतं ते १९८१ च्या 'डेज ऑफ फ्युचर पास्ट'मध्ये आहे. आधी कायदा, मग सेंटिनल नावाचे यंत्रमानव, मग छावण्या. म्युटंटांचा नेता मॅग्नीटो नाझी छळछावणीतून वाचलेला आहे ही गोष्ट त्याच लेखकाने, ख्रिस क्लेरमाँटने, त्याच वर्षी आणली. त्याला यादी म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको.

शिवाय एक गोष्ट बघा. १९८५ मध्ये मिस्टिक आपली गुन्हेगार टोळी घेऊन सरकारकडे जाते आणि सौदा करते: आम्हाला माफी द्या, आम्ही तुमचं काम करतो. टोळीचं नाव बदलून फ्रीडम फोर्स होतं आणि पहिली कामगिरी मिळते मॅग्नीटोला पकडण्याची, जो तेव्हा सुधारण्याच्या वाटेवर आहे. १९८७ मध्ये डीसी या दुसऱ्या कॉमिक कंपनीकडे जॉन ऑस्ट्रँडरचा सुइसाइड स्क्वाड, तिथे अमांडा वॉलर लुईझियानातल्या बेल रीव्ह तुरुंगातून कैदी काढते आणि हातात स्फोटक कडी अडकवून मोहिमेवर पाठवते. आणि ज्या 'सिव्हिल वॉर'बद्दल आपण बोलतोय त्यातच नोंदणी न केलेल्या हिरोंना पकडायला थंडरबोल्ट्स सोडले जातात, बुल्सआय आणि व्हेनमसारखे खुनी!

म्हणजे स्टीव्हने पहिल्या अंकात जे सांगितलं तेच झालं. आधी सरकारने ठरवलं खलनायक कोण, मग हेही ठरवलं की कोण आता खलनायक नाही.

कृष्णाकाठचा

नेत्रदीप, यादीचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता, राहिला. माझं नाव त्या टेबलावर मी लिहिलं ते त्या तीन दिवसांपुरतं होतं. जन्मभराच्या यादीत ते कुणी घातलं असतं तर मी मित्राबरोबरच निघालो असतो.

ही तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की अजून एक दिसतं. अधिकारी स्टीव्हवर विश्वास ठेवत नाहीत, बुल्सआयवर ठेवतात. का? कारण बुल्सआयच्या नाड्या त्यांच्या हातात आहेत. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्यापेक्षा ज्याला नाही म्हणताच येत नाही तो माणूस कामाचा वाटतो. त्यांना निष्ठा नको, अडकलेपण हवंय.

वेताळटेकडी

आमच्या पिढीला हा प्रश्न इंद्रजाल कॉमिक्समध्ये उलट्या बाजूने भेटला होता. १९६४ पासून टाइम्सवाले ही कॉमिक्स काढत, मराठीतही येत. त्यातला ली फॉकचा वेताळ! बंगल्लाच्या जंगलातलं जंगल पेट्रोल हे गस्ती दल, शिस्तबद्ध, गणवेशातलं. त्याचा सर्वोच्च कमांडर कोण, हे खुद्द कर्नललाही माहीत नाही. कार्यालयात एक तिजोरी आहे, तिच्यावरचा दिवा लागला की आत हुकूम आलेला असतो. तो कमांडर म्हणजे वेताळ.

लहानपणी मला हे फार थोर वाटायचं. सुटीत मामाच्या गावाला जाताना स्टँडवर अंक घ्यायचा आणि एस.टी. सुटायच्या आत अर्धा संपवायचा. आज तोच अंक वाचताना अंगावर काटा येतो. मुखवटा घातलेला एक माणूस, पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे गेलेलं पद, आणि सशस्त्र दल त्याचा चेहरा न बघता हुकूम पाळतंय. तो भला आहे म्हणून सगळं चाललंय. एकविसाव्या वेताळाचा मुलगा वाईट निघाला असता तर दिवा तसाच लागला असता आणि पेट्रोल तसंच निघालं असतं.

त्याच मालिकेत १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर यायचा. तो अगदी वेगळा. मुखवटा नाही, सगळ्यांना नाव माहीत, गावकऱ्यांचं नागरिक दल उभं करून पोलिसांच्या सोबतीने डाकूंशी लढणारा. तेव्हा वेताळापुढे तो मला साधा वाटायचा. आता वाटतं, जयगढच्या माणसांना बहादूरच्या घराचं दार तरी ठोठावता येत होतं.

टिळकरोडवरची

डीसीतली दोन उदाहरणं देते. धाग्यात जे शोधलं जातंय ते मला तिथे सापडतं.

पहिलं जुनं. जस्टिस सोसायटी ही १९४० ची, सगळ्यात पहिली सुपरहिरो टीम. ती पन्नासच्या सुरुवातीला कॉमिकमधून गायब झाली, कारण खपच उरला नव्हता. पण १९७९ मध्ये पॉल लेविट्झ यांनी तिच्या जाण्याची गोष्ट लिहिली. १९५१ साली अमेरिकी संसदेची समिती टीमला बोलावते आणि सांगते, निष्ठावान असाल तर मुखवटे काढून दाखवा. युद्धात देशासाठी लढलेली ही माणसं. ती मुखवटे काढत नाहीत, भांडतही नाहीत, निवृत्त होतात. ज्या वर्षांत खरोखरीच्या समित्या लेखक-नटांना बोलावून "तुमच्या ओळखीचे कोण कोण कम्युनिस्ट आहेत" विचारत होत्या, त्या वर्षांची ही आठवण आहे.

दुसरं 'जस्टिस लीग अनलिमिटेड' ही कार्टून मालिका, २००४ ते २००६. लीगने अवकाशातल्या तळावर जमिनीकडे तोंड केलेली प्रचंड तोफ बसवलीय. अमांडा वॉलर विचारते, उद्या तुमचं डोकं फिरलं तर? आणि तिची भीती पोकळ नाही. समांतर जगातल्या सुपरमॅनने राष्ट्राध्यक्षाला मारून सत्ता घेतली होती, हे तिला माहीत आहे. मग एक दिवस खलनायक लूथर ती तोफ ताब्यात घेऊन डागतो. लोक मरतात, दोष लीगवर येतो.

आता बघा लीग काय करते. संस्थापक सदस्य स्वतःहून सरकारच्या ताब्यात जातात. म्हणतात, चौकशी करा, तोवर आम्ही इथेच आहोत. सुपरमॅनला कुठली भिंत अडवणार? तरी तो जातो. बॅटमन तेवढा जात नाही, स्वभावच त्याचा. सगळं निस्तरल्यावर तोफ काढून टाकली जाते आणि जमिनीवर, शहरात, लीगची कचेरी उघडते, जिथे लोकांना जाता येईल. पण मोहिमांचे हुकूम कुणाकडून घ्यायचे हे कुठेही बदलत नाही.

कृष्णाकाठचा

टिळकरोडवरची ताई, मी चार दिवस ज्या शब्दांसाठी चाचपडत होतो ते तुम्ही हातात दिलेत. जाब देणं आणि ताबेदारी पत्करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोकोव्हिया करारात त्या एकाच पानावर आहेत, म्हणूनच टीम फुटते. केल्यानंतर "का केलं" विचारणारं कुणी असावं, हे टोनीला हवंय. जायच्या आधी "जाऊ का" विचारावं लागू नये, हे स्टीव्हला हवंय. दोघांची मागणी एकाच वेळी पुरी होऊ शकली असती. दुसरा कागद कुणी मांडलाच नाही.

आणि कागद आणून ठेवला कुणी? ११७ देशांचा करार, पण टेबलावर पुस्तक ठेवणारा माणूस रॉस. ज्याने जनरल असताना ब्रूस बॅनरला, म्हणजे हल्कला, जनावरासारखं हुडकलं तो. मला वाटतं, तोच कागद दुसऱ्या कुणी आणला असता तर स्टीव्हने निदान शेवटपर्यंत वाचला असता.

रेखाटन

इथे मी अडते. "केल्यानंतर जाब देऊ" हे ऐकायला बरं वाटतं, पण मिरियम शार्पला तुमच्या नंतरच्या जाबाचा काय उपयोग? तिचा मुलगा आधीच गेलाय. डॉक्टरला शस्त्रक्रियेआधी परवाना लागतो, चुकल्यावर चौकशी हा पुढचा भाग. स्टॅमफर्डची पोरं अप्रशिक्षित होती आणि त्यांना "थांबा, मोठ्यांना येऊ दे" म्हणणारं कुणी नव्हतं. तुम्हालाही लाइफ जॅकेटचा प्रश्न आधीच विचारला गेला, नंतर नाही. तो नंतर विचारला गेला असता तर कदाचित हा धागाच निघाला नसता.

कृष्णाकाठचा

हे खरं आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही. परवाना आधी हवा, हे मान्य. परवाना असलेल्या डॉक्टरला कुठल्या रुग्णाला हात लावायचा हे मंत्रालयातून सांगू नये, एवढंच माझं उरतं.

प्रोजेक्टर

थोडी बाहेरची माहिती. ही सगळी भानगड खऱ्या लष्करालाही पडली होती. हॉलिवूडला लष्कराची विमानं, तळ, गणवेशातली माणसं हवी असतील तर पेंटागॉन आधी पटकथा वाचतं. २००८ च्या 'आयर्न मॅन'ला त्यांनी मदत केली, एडवर्ड्स हवाई तळावर चित्रीकरण झालं. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'ला मात्र पूर्ण सहकार्य दिलं नाही. कारण पेंटागॉनच्या चित्रपट संपर्क अधिकाऱ्याने, फिल स्ट्रब यांनी, जाहीरपणे सांगितलं होतं: शील्ड ही संस्था कुणाला बांधील आहे, तेच कळत नाही, आणि सिनेमातलं आपलं सैन्य तिच्या हाताखाली आहे का, याचा मेळ बसत नाही.

त्याच सिनेमात एक परिषद मॅनहॅटनवर अण्वस्त्र सोडायचा हुकूम देते आणि शील्डचा प्रमुख फ्युरी तो धुडकावतो. पडद्यावर आपण टाळ्या वाजवतो. खरा लष्करी अधिकारी तेच पान वाचून विचारतो, ही परिषद कुणाची आणि तिला हा अधिकार दिला कुणी. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो.

नेत्रदीप

म्हणजे त्याचा आक्षेप हुकूम मोडण्यावर नव्हता, हुकूम कुठून येतो ते दिसत नाही यावर होता. वेताळटेकडी काकांच्या तिजोरीवरचा दिवा पुन्हा आठवला.

वेताळटेकडी

मलाही तोच आठवला. आणि एक भर घालतो. कॅप्टन अमेरिकेचा जन्मच सरकारच्या पुढे जाऊन झाला होता. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या पहिल्या अंकावर तारीख मार्च १९४१, प्रत्यक्षात तो १९४० च्या डिसेंबरात विक्रीला आला. मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, पर्ल हार्बरला अजून वर्ष होतं. अंगावर झेंडा घातलेल्या या माणसाने सरकारने ठरवायच्या आधी स्वतः ठरवलं. १९७४ मध्ये वॉटरगेटच्या दिवसांत स्टीव्ह एंगलहार्टने त्याला कटाच्या मागावर थेट व्हाइट हाऊसपर्यंत नेलं आणि मग तो पोशाखच त्याच्याकडून उतरवला. काही महिने तो नोमॅड म्हणून फिरला, देश नसलेला माणूस. म्हणून ढाल कुणाची हे पुतणीला सांगताना हे मुखपृष्ठ आधी दाखवा.

कृष्णाकाठचा

दाखवलं, काका. फोनवर मोठं करून बघत बसली. म्हणाली, "याच्याकडे ढाल गोल नाहीये." आणि खरंच, पहिल्या अंकात ढाल तिकोनी आहे, गोल दुसऱ्या अंकापासून येते. मी इतकी वर्षं ते चित्र बघतोय, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तो मित्रही हा धागा वाचतोय. काल रात्री त्याचा फोन आला. आजींचं घर नक्की कुठल्या बोळात होतं यावर आमचा अर्धा तास गेला.

सुभेदारपुत्र

रविवारी वडिलांना 'विंटर सोल्जर' दाखवला. मारामारीच्या वेळी ते पेपर चाळत होते. तो तंत्रज्ञाचा प्रसंग आला तेव्हा पेपर खाली ठेवला. पुन्हा लाव म्हणाले. दोनदा पाहिला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. जेवताना विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं? नोकरीवर राहिला का?"

मला सांगता आलं नाही. कुणाला आठवतंय?

कृष्णाकाठचा

राहिला. 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये सोकोव्हियातलं शहर हवेत तरंगतंय, लोकांना उतरवायला जागा नाही, तेव्हा फ्युरी जुनं हेलिकॅरियर, म्हणजे उडणारं जहाज, घेऊन येतो. त्याच्या नियंत्रण कक्षात तोच मुलगा बसलेला आहे. त्या जहाजातून बचावाच्या नावा सुटतात आणि लोक त्यात चढतात. वडिलांना सांगा.